परदेशातून परत आलात आणि सगळं कुटुंब गावी जमवायचंय? विदर्भातल्या खेड्यासाठी पायरी-पायरीनं

आम्ही जर्मनीतून कायमचं परत येऊन नागपूरला राहायला लागलो आणि सामान उघडून व्हायच्या आधीच फोन सुरू झाले, आता एकदा सगळ्यांना गावी जमव. शेवटी जमवलं, माझ्या माहेरी, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या खेड्यात. पुण्यामुंबईचे, अमेरिकेतले, दुबईतले आणि गावातलेच असे सगळे मिळून आले. त्यानंतर परत आलेल्या तीन-चार ओळखीच्यांनी हेच विचारलं की कसं केलं, सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

एक गोष्ट पहिलेच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. सुट्टीवर यायचात तेव्हा तुम्ही पाहुणे होता, तुमच्यासाठी सगळं आयतं असायचं. आता तुम्ही पाहुणेही नाही आणि गावचेही धड नाही. पण "परदेशातून आली म्हणजे पैसा आहे, करंल सगळं" असं सगळे धरून चालतात, आणि आपल्यालाही हौस असते की आपणच करू. ते करायचं नाही. गावाकडचं काम गावातल्या माणसाच्या हातात, आणि कागद-तिकिटं-हिशेब तुमच्या हातात, एवढी वाटणी पहिल्या दिवशी झाली तर बाकीचं निभतं.

१. कार्यक्रम कोणाच्या नावानं ते ठरवा

बोलावणं तुमच्या नावानं जाऊ देऊ नका. घरातलं जे सगळ्यात मोठं माणूस आहे, मोठेबाबा, आजी, आत्या, त्यांच्या नावानं जाऊ द्या. तुमच्या नावानं गेलं की निम्म्या लोकांना वाटतं ही दाखवायला बोलावून राहिली. निमित्त शोधायला त्रास नाही, आजीची पंच्याहत्तरी असते, कोणाचं सहस्रचंद्रदर्शन असतं, जुन्या घराची दुरुस्ती झालेली असते. निमित्तच नसलं तर "मोठेबाबांनी सगळ्यांना पाहायचं म्हटलं" एवढंही चालते.

मग गावातला एक माणूस नेमा. आमच्याकडं चुलतभावानं जबाबदारी घेतली. बिछायत (भाड्याच्या गाद्या, मंडप, भांडी), आचारी, पाणी, लाईट, गड्यामाणसांशी बोलणं सगळं त्याच्याकडं. त्यानं एकदा भाव ठरवला की आपण मध्ये पडून "पुण्यात तर इतक्यात होते" किंवा उलट "जाऊ दे ना, देऊन टाक जास्तीचे" यातलं काहीच बोलायचं नाही. दुसरं वाक्य तर जास्त वाईट, कारण आपण दोन दिवसांनी निघून जातो आणि वाढलेला भाव त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला त्यालाच भरावा लागतो.

२. तारीख (इथंच सगळ्यात जास्त चुका होतात)

परदेशातले म्हणतात उन्हाळ्याची सुट्टी. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो, विहिरीचा तळ दिसतो, आणि ज्या पोराचा जन्मच थंड देशात झाला त्याला तुम्ही पत्र्याच्या खोलीत झोपवणार का? उन्हाळा बाद.

जून ते सप्टेंबर पेरणी, निंदण, फवारणी, आणि गावचा रस्ता कच्चा असला तर चिखल. पोळा आणि महालक्ष्म्या याच काळात येतात आणि महालक्ष्म्यांना तशीही निम्मी भाऊबंद मंडळी जेवायला येतात, पण त्या दिवशी घरात सोवळं, सोळा भाज्या, आंबील, बाया पहाटेपासून चुलीजवळ. त्यात वरून तीस-चाळीस जणांची राहायची सोय लावली की बायांचे हाल होतात. दिवाळीला सगळ्यांना सुट्टी असते खरी, पण तिकडं सोयाबीन नुकतं निघालेलं असतं, कापसाची वेचणी लागलेली असते, गावातल्या भावाला श्वास घ्यायला वेळ नसतो आणि पुणे-यवतमाळ ट्रॅव्हल्सचे भाव तर विचारूच नका. दसऱ्याच्या आसपास नागपूरमार्गे कोणाला आणत असाल तर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमीवर मोठी गर्दी असते, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते, तेही पाहून घ्या.

माझ्या मते डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते संक्रांतीच्या आधी. परदेशातल्यांना नाताळची सुट्टी, थंडी चांगली, संत्री, हुरडा. आणखी एक फायदा कोणी सांगत नाही, तो म्हणजे पौष. पौषात लग्नं नसतात म्हणून आचारी, बिछायतवाला, गावातलं सभागृह सगळं मोकळं असतं आणि भावातही बरं पडतं. घरातली म्हातारी माणसं पौषात शुभकार्य नको म्हणतील, तर त्यांना सांगा की हे कार्य नाही, नुसतं जमणं आहे. ऐकतात.

पण तीन गोष्टी तपासा. एक, डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असते, त्या आठवड्यांत हॉटेलं भरलेली आणि विमानाची तिकिटं चढलेली, तेव्हा अधिवेशनाच्या तारखा पाहूनच नागपूरचा मुक्काम ठरवा. दोन, मार्गशीर्ष संपला का पाहा, कारण मार्गशीर्षात बऱ्याच घरी महिनाभर मटण चालत नाही आणि गुरुवारी बायांचे उपवास असतात. तीन, तूर सोंगणीला आली का हे गावातल्या भावाला विचारा, त्याला विचारल्याशिवाय तारीख पक्की करायचीच नाही.

३. यादी आणि आवतन

व्हॉट्सॲप ग्रुप करा, पण ग्रुपवर टाकलं म्हणजे आवतन झालं असं समजू नका. साठीच्या वरच्या प्रत्येकाला फोन, आणि तो फोन घरातल्या मोठ्या माणसानं करायचा. जावयांना वेगळा फोन. म्हणजे आत्याला सांगितलं की मामाजींना कळतंच ना, असं नाही चालत, मामाजींनाच फोन लावायचा आणि "तुम्ही आल्याशिवाय होत नाही" म्हणायचं. जवळचे असतील तर कोणीतरी घरी जाऊनच सांगावं.

प्रत्येक खानदानात दोन घरं अशी असतात जी एकमेकांशी बोलत नाहीत. दोघांनाही सांगा, आणि दोघांनाही सांगा की दुसऱ्यालाही सांगितलंय. लपवून ठेवलं आणि ऐन अंगणात समोरासमोर आले तर तुमचा कार्यक्रम तिथंच उठतो.

गावातल्यांचं काय हा प्रश्न यादीतच सोडवा. एक जेवण गावाला द्यायचं का? द्यायचं तर घरटी एक माणूस की चूलबंद आवतन? चूलबंद म्हटलं की त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, लेकराबाळांसकट सगळे येतात, म्हणजे आकडा एकदम तिप्पट-चौपट होतो. आम्ही घरटी एक ठेवलं आणि शेजारच्या ओळीला तेवढं चूलबंद. आणि हो, यादी करताना प्रत्येकाच्या नावापुढं चार रकाने ठेवा: कोणत्या दिवशी येणार, कशानं, मटण खाते की माळकरी आहे, आणि खाली बसता येते की खुर्ची लागते. शेवटचा रकाना हसण्यावारी नेऊ नका, गुडघे सगळ्यांचेच गेले आहेत.

४. कागदपत्रं

परदेशी पासपोर्ट असलेल्या भावंडांसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी हे आधीच मागवून घ्या:

- पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) किंवा व्हिसा, दोन्हींचे फोटो. वीस वर्षांच्या आतल्या पोराचा पासपोर्ट नवा झाला असेल तर नवा पासपोर्ट आणि नवा फोटो ओसीआयच्या साइटवर अपलोड करायचा असतो, हे पुष्कळ जण विसरतात.
- ई-व्हिसावर येणाऱ्याची मंजुरीची प्रिंट. ई-व्हिसावर नागपूर विमानतळावरही उतरता येते, मुंबईच पाहिजे असं नाही.
- रेल्वेसाठी, हॉटेलसाठी, सफारीसाठी मूळ ओळखपत्र. मोबाइलमधला फोटो प्रत्येक ठिकाणी चालेलच असं नाही.
- पंच्याहत्तरच्या वरच्यांचं आधार. एसटीत त्यांना राज्यभर फुकट आहे, ६५ ते ७५ वाल्यांना आणि बायांना अर्धं तिकीट, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो.
- रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावासकट, कारण तिकडच्या कंपनीचं नाव दारव्ह्याच्या मेडिकलवाल्याला कसं कळणार.

आता एक गोष्ट जी गावात कोणालाच माहीत नसते. परदेशी नागरिक व्हिसावर येऊन तुमच्या घरी मुक्काम करत असेल तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवायची जबाबदारी घरमालकाची असते. हॉटेलवाले हे आपोआप करतात, घरी उतरला तर आपल्यालाच करावं लागते. ज्याचं घर आहे त्याच्या नावानं लॉगिन आधीच तयार करून ठेवा, ऐन वेळी गावातल्या नेटवर फोटो अपलोड करत बसू नका. माझी जर्मन मैत्रीण आमच्यासोबत आली होती, तिचं आम्ही नागपुरातूनच करून घेतलं.

ओसीआयवाल्यांना देशांतर्गत विमानभाडं आणि अभयारण्यं, स्मारकं यांची प्रवेश फी भारतीयांसारखीच लागते. तिकीट खिडकीवर चेहरा किंवा पासपोर्ट पाहून विदेशी दर सांगितला तर ओसीआय कार्ड दाखवा आणि शांतपणे सांगा.

तुमचं स्वतःचं: परत आलेल्यांनी आधार, मोबाइल नंबर आणि बँक यांची जोडणी पहिले नीट करून घ्या. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकिटाला आधारची पडताळणी लागते, म्हणजे जुन्या बंद पडलेल्या नंबरवर ओटीपी जात असेल तर तुम्ही तत्काळ विसरा. गाडी चालवणार असाल तर भारतातलं लायसन्स चालू आहे का पाहा, परदेशी लायसन्सवर इथं नुसतं फिरता येत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो.

५. तिकिटं आणि गाव गाठणं

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, आधी १२० होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललं. परत आलेले लोक जुन्याच हिशेबात असतात. साठाव्या दिवशी सकाळी सगळ्यांनी आपापलं काढावं, एकानं सगळ्यांचं काढायच्या भानगडीत पडू नये.

विदर्भाबाहेरच्यांना स्टेशन समजावून सांगावं लागते. यवतमाळला मेन लाइन नाही. आमच्याकडं यायचं तर धामणगाव किंवा बडनेरा. दोन्हीकडं मुंबई-नागपूरच्या बऱ्याच गाड्या थांबतात, पण प्रत्येक गाडी दोन्हीकडं थांबतेच असं नाही, तिकिटाआधी थांबा पाहा. वर्धा-यवतमाळ-नांदेड लाइनचं काम सुरू आहे, त्यातला वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आमच्या दारव्ह्यावरून जाणारी शकुंतला, ती जुनी छोट्या रुळांची गाडी, मात्र बंद आहे, म्हातारे तिची आठवण काढतील, पोरांना स्टेशन दाखवून आणा. मुंबईहून अमरावतीला विमानही एप्रिल २०२५ पासून सुरू झालंय, पण रोजचं धरून चालू नका, वेळापत्रक पाहूनच.

गाडीनं येणाऱ्यांना समृद्धी महामार्ग. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटर, जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. आमच्या लोकांना कारंजा लाडला उतरवलं. टायर आणि हवा आधी तपासा, तासन्‌तास एकाच वेगात सिमेंटच्या रस्त्यावर जुना टायर दगा देतो, आणि डुलकी येते, मध्ये थांबा. दुचाकीला तिथं बंदी आहे, भाचेमंडळींना आधीच सांगा.

सगळ्यात मोठा घोळ गावाच्या नावाचा. वडगाव, बोरगाव, पिंपळगाव, पिंपरी अशी गावं आपल्याकडं प्रत्येक तालुक्यात आहेत, एकेका तालुक्यात दोन-दोन. नुसतं नाव टाकून मॅप लावला तर पाहुणे भलत्याच जिल्ह्यात पोहोचतात, आमचे एक मामा वाशीमकडं निघून गेले होते. म्हणून लोकेशनची पिन पाठवा, सोबत लिहून पाठवा की तालुका कोणता, फाटा कोणता, फाट्यावर खूण काय. फाट्यापासून आत रेंज जाते, तेव्हा पिन आधीच उघडून ठेवायला सांगा.

वीस-पंचवीस माणसं एकाच स्टेशनावर एकाच गाडीनं उतरत असतील तर एसटीची बस प्रासंगिक करारावर घ्या, लग्नाच्या वऱ्हाडाला घेतात तशी. आगारात जाऊन अर्ज करायचा, पैसे आगाऊ भरायचे. चार-पाच ट्रॅक्स वेगवेगळ्या करण्यापेक्षा हे बरं, आणि बसमध्ये जी मजा येते ती आमच्या अमेरिकेतल्या पोट्ट्यांना पूर्ण ट्रिपमध्ये कुठंच आली नाही.

६. राहणं, पाणी, लाईट, संडास

इथं लाजू नका, स्पष्ट विचारा. चाळीस माणसांना घरचा एक संडास पुरत नाही. आमच्या भावानं शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवलं होतं आणि आम्ही तालुक्याहून दोन फिरते संडास भाड्यानं आणले. कमोड पाहिजे असणारी म्हातारी माणसं असतील तर प्लास्टिकची संडासखुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते, ती आणा. दिवा, बादली, साबण, टिश्यू, आणि रात्रीसाठी बाहेरच्या वाटेवर बल्ब.

पाणी दोन वेगळ्या हिशेबांत धरा. प्यायचं पाणी आरोच्या जारचं, रोज सकाळी गाडी येते, तिला किती जार ते आधी सांगायचं आणि एक दिवस जास्तीचे ठेवायचे. वापरायचं पाणी विहिरीवरून किंवा बोअरवरून. मोटर शेतीच्या लाइनवर असेल तर थ्री फेज आठवड्यातले काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री, तुमच्या कार्यक्रमाच्या आठवड्यात पाळी कोणती हे गावातल्या वायरमनला विचारून घ्या. रात्रीची पाळी असली तर टाक्या रात्रीच भरून ठेवाव्या लागतात, सकाळी उठून नळ फिरवला आणि पाणी नाही असं नको.

गाद्या, रजया, उशा, खुर्च्या, मंडप, गंज, कोपर सगळं बिछायत केंद्रातून. रजया माणशी एक नाही, दीड धरा. डिसेंबरात गावात रात्री चांगलीच कुडकुड असते आणि पुण्यावाले एक पातळ स्वेटर घेऊन येतात. रजयांना वास येत असेल तर एक दिवस आधी मागवून उन्हात टाका.

ज्यांना जमणारच नाही त्यांना यवतमाळात किंवा तालुक्याच्या लॉजवर ठेवा, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वर्षाच्या लेकरासोबतची सून रात्री लॉजवर राहून सकाळी हसत आली तर तेच चांगलं, गावात राहून तोंड पाडून बसण्यापेक्षा.

७. जेवण

पहिला नियम, घरच्या बायांनी चुलीजवळ बसायचं नाही. "घरच्या घरी करू, किती लागते" असं कोणी ना कोणी म्हणतेच, आणि म्हणणारा बहुतेक पुरुष असतो. आचारी लावा, भांडी घासायला दोन बाया लावा, वाढायला घरचे पोट्टे. मोठ्या आई, काकू, वहिन्या या सगळ्या गप्पा मारायला आलेल्या आहेत. पहिल्या दिवशी त्यांचे हात सुटत नाहीत, सवय असते, दुसऱ्या दिवशी बसतात.

आचारी किराण्याची यादी देतो, ती त्याच्याकडूनच घ्या पण सामान भावाकडून आणा. माणसांचा आकडा त्याला खरा सांगा. आपण मनात वाढवून सांगतो, तो आणखी वाढवून धरतो, मग भात गुरांना जातो.

काय करायचं हे म्हणाल तर एक जेवण शेतात रोडग्यांचं ठेवाच. रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी, वरण, वरून तूप, सोबत मिरचीचा ठेचा आणि मुळा. बाहेर जन्मलेली पोरं गोवऱ्यांच्या आरातून रोडगे काढताना पाहून जी गप्प होतात ती पाहण्यासारखी. पण गोवऱ्या आता सहज मिळत नाहीत, गुरंच कमी झाली, तेव्हा महिनाभर आधी कोणाला तरी सांगून कोरड्या जागी साठवून ठेवायच्या. हुरड्याचंही तेच. ज्वारी पेरणारेच थोडे राहिले, सगळीकडं सोयाबीन, कापूस, तूर. कोणाच्या धुऱ्याशेजारी, म्हणजे बांधाशेजारी, ज्वारीचं तास आहे ते पाहून त्याला आधीच सांगून ठेवा नाहीतर हुरडा विकत आणावा लागेल, त्यात काय मजा.

बाकी जेवणात पाटोडीचा रस्सा, कढीगोळे, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, आणि नाश्त्याला तर्रीपोहे. पोरांसाठी साधं वरण-भात-तूप प्रत्येक पंगतीला पाहिजेच, आणि तर्री वेगळी, अंगावर ओतू नका त्यांच्या.

मटणाचं जेवण करणार असाल तर वेगळी चूल, वेगळी भांडी, शक्यतो शेतात. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी सोडून. गुरुवारी तर आमच्याकडं निम्मी घरं गजानन महाराजांचा वार म्हणून खातच नाहीत. माळकऱ्यांची पंगत घरी आधी उरकून घ्या.

८. पैसे

वर्गणी ठेवा. कमावत्या माणसामागं एक आकडा, म्हाताऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना नाही, गावातल्या घराला नाही कारण त्यांची जागा, धान्य, मेहनत आहेच. "आम्हीच देतो सगळं" म्हणू नका. ज्यानं पैसे दिले त्याला कार्यक्रम आपला वाटतो, आणि ज्याच्याकडून घेतले नाहीत तो पुढच्या वेळी यायला संकोचतो.

पैसे जमा कुठं करायचे यात परत आलेल्यांसाठी सापळा आहे. तुमचं जुनं एनआरई खातं, म्हणजे परदेशात राहताना तिकडची कमाई इकडं ठेवायचं खातं, असेल तर त्यात इथले नातेवाईक रुपये टाकू शकत नाहीत, त्या खात्यात इथली कमाई जमा होत नाही. आणि कायमचे परत आलात म्हणजे ती एनआरई आणि एनआरओ (परदेशात राहताना इथली कमाई ठेवायची) खाती बँकेला सांगून रहिवासी खात्यात बदलून घ्यायचीच असतात, ते काम राहिलं असेल तर या निमित्तानं करा. वर्गणीसाठी गावातल्या भावाचं किंवा पुण्यातल्या एखाद्या चोख माणसाचं खातं द्या.

परदेशातून येणाऱ्या भावंडांचं युपीआय चालेल का विचारून घ्या. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुबई अशा काही ठिकाणच्या नंबरवर एनआरई-एनआरओ खात्यातून चालते, बाकीच्यांनी रोख आणावी. गावात किराणावाल्याकडं स्कॅनर असते पण रेंज नसली तर काय? म्हणून थोडी रोख, तीही शंभर-दोनशेच्या नोटा. पाचशेचे सुटे कोणाकडं नसतात.

खर्च रोज संध्याकाळी ग्रुपवर टाका, कागदाचा फोटो काढून. पन्नास रुपयांच्या लिंबासकट.

मानपानाचं आधीच ठरवा. लेकीबाळींना साडी द्यायची का, जावयांना दुपट्टा-टोपी का, की कोणालाच काही नाही. आम्ही ठरवलं होतं की फक्त ओटी, खण-नारळ, सगळ्यांना सारखं. परदेशातून आणलेली चॉकलेटं आणि परफ्यूम असतात, ती अंगणात वाटू नका, कोणाला मिळालं कोणाला नाही यावरून चर्चा वर्षभर चालते. एका डब्यात सगळं टाका, पोरांनी उचलावं.

९. पोरं आणि तब्येत

ओआरएस, तापाचं औषध, डासांचं मलम, बँडेज, टॉर्च. पाणी फक्त जारचं, दात घासायलाही. शेतात जाताना बंद बूट, गवतात, धुऱ्यावर हात घालायचा नाही. विहिरीजवळ एक मोठं माणूस कायम, हे हौसेचं नाही, पाळायचं आहे. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि सर्पदंशाची लस असलेलं ग्रामीण रुग्णालय कुठं आहे ते भिंतीवर लिहून लावा, १०८ नंबर सोबत. गाडी येईपर्यंत कोणाची जीप निघेल तेही ठरवून ठेवा.

पोरांना मराठी येत नाही म्हणून कोणी चिडवायला लागलं तर विषय बदला. आजीनं आमच्या भाच्याला वरण वाढता वाढता चार शब्द शिकवले, तेवढे पुरले.

१०. एखादा दिवस बाहेर

एकच ठिकाण ठेवा. शेगाव, माहूर किंवा सेवाग्राम-पवनार, एका दिवसात कुठलंही एक. माहूरला चढ आहे, म्हाताऱ्यांचं पाहा. शेगावला गुरुवारी आणि सुट्टीत दर्शनाला वेळ लागतो. ताडोबा करायचं तर ते गेट-टुगेदरमध्ये धरू नका, वेगळे दोन दिवस काढा आणि सफारीचं बुकिंग फार आधी करा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते ऐन वेळी मिळत नाही.

११. शेताचा विषय

निघतोच. सगळे भाऊबंद एका ठिकाणी आलेत म्हटल्यावर कोणीतरी जेवणानंतर सुपारी कातरत म्हणतो, "आलेच आहे सगळे तर त्या वाटणीचं करून टाकू."

जेवणाच्या जागी करू नका. कार्यक्रम झाल्यावर एक वेगळा दिवस ठेवा, ज्यांचा हक्क आहे तेवढेच बसा, बाकीच्यांना फिरायला पाठवा. त्याआधी सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) काढून ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. आजोबा जाऊन वर्षं झाली तरी वारसनोंदच झाली नाही असं पुष्कळ घरी निघते, तर सुरुवात तिथूनच करा, तलाठ्याकडं, म्हणजे ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.

परदेशातल्या भावंडांना हे माहीत असू द्या की एनआरआय किंवा ओसीआय असलेल्याला शेतजमीन वारशानं मिळू शकते, विकत घेता येत नाही. आणि "विमान उद्या आहे ना, सही करून जा" म्हणून पुढं केलेल्या हक्कसोडपत्रावर कोणीही, विशेषतः बहिणींनी, वाचल्याशिवाय सही करू नये. ते नोंदणीकृतच लागते, दुय्यम निबंधकाकडं जावं लागते, म्हणजे घाईत अंगणात होणारं ते कामच नाही. विचार करायला वेळ पाहिजे असेल तर नंतर मुखत्यारपत्र करता येते, परदेशात केलं तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. आमच्या एका आत्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "मी वकिलाला दाखवून सांगते," आणि कोणी काही बोललं नाही.

१२. निघायच्या दिवशी

बिछायतीचं सामान मोजून परत करा, तुमच्यासमोर. गाद्या, चादरी, वाट्या, पेले. वाट्या नेहमी कमी भरतात, अर्ध्या शेजारच्या घरी निघतात, पोरांना फिरवा. आचाऱ्याचे, भांडीवाल्या बायांचे पैसे त्याच दिवशी रोख, वर थोडे जास्त चालतात पण ते भावाच्या हातून.

उरलेलं अन्न दुपारपर्यंतच वाटून टाका. कचऱ्याचा एक खड्डा आधीच खणलेला असला पाहिजे, पत्रावळी त्यात, प्लास्टिकचे ग्लास गोळा करून तालुक्याला न्या, गावात घंटागाडी येत नाही.

फोटो एका ठिकाणी टाका आणि म्हाताऱ्यांसाठी दहा-बारा छापून पाठवा, त्यांना मोबाइलवर दिसत नाहीत. वंशावळीचा कागद तुम्ही यादी करताना बनवला असेलच, त्यात आत्या आणि मोठेबाबांकडून गाळलेली नावं भरून घ्या, विशेषतः लग्न होऊन गेलेल्या लेकींची, ती नावं कुठल्याच सातबाऱ्यावर सापडत नाहीत. वर्गणीतून काही उरलं तर कोणाकडं राहील आणि कशाला लागेल ते गाडीत बसायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवा. आमचं उरलं त्यातून विहिरीला कठडा बांधायचं ठरलंय, भाव भावानं काढून ठेवलाय, काम उन्हाळ्यात.